तळीराम, रामलाल आणि तिसरा माणूस

"मला एक मीटिंग शोधून देशील?"

रात्रीचे दोन वाजून गेले होते. आमच्या धंद्यात मीटिंग हा शब्द शिवीच्या फार लांब नाही, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं होतं. "झोप की च्यायला. उद्या स्टँडअपला बघू."

अन्या काहीच बोलला नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून फरशीवर बसला होता. हात थरथरत होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "ती मीटिंग नाही रे. ती... दारू सोडणाऱ्यांची असते ना, ती."

(नाव अर्थातच बदललंय. आणि हे सगळं लिहायला त्याची परवानगी घेतलीये. "माझं नाव सोडून काहीही लिही. पण मग तुझंही लिही," असं म्हणाला. ते दुसरं वाक्य जरा लागलं. त्यावर येतोच.)

आता माझी हुशारी बघा. सहा वर्षं मी पुण्यात नोकरी करतोय. बाणेरपासून कोरेगाव पार्कपर्यंत कुठे किती वाजेपर्यंत एकावर एक फ्री असते, हे मला झोपेतून उठवून विचारा. ड्राय डेच्या आदल्या दिवशी किती वाजता रांग सुरू होते, कुठल्या दुकानात कार्ड चालतं, सगळं पाठ. पण याच शहरात दारू सोडू बघणारी माणसं कुठे जमतात, हा प्रश्न सहा वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. का पडावा? तसली माणसं आपल्यात नसतातच ना! बेवडा म्हणजे गुत्त्याबाहेर आडवा पडलेला, पगाराच्या दिवशी बायकोला मारणारा. आपण म्हणजे काय, सोशल ड्रिंकर. शुक्रवार रात्र, क्राफ्ट बियर, आणि सोमवारी सकाळी इमेल्सना 'वॉर्म रिगार्ड्स'.

ही जी आपली समजूत आहे ना, तिच्याशी आज मला भांडायचंय. आणि ती मनात घट्ट धरून बसलेल्या आपल्या सगळ्यांशी.

*

'एकच प्याला' आठवतंय का? वाचलं नसेल तरी नाव माहीत असतंच. राम गणेश गडकऱ्यांचं नाटक, ते गेल्यावर १९१९ साली रंगभूमीवर आलं. आपल्याला वाटतं ती कुठल्या तरी जुन्या काळच्या दारुड्याची रडकथा आहे. पण सुधाकर कोण आहे ते जरा नीट बघा. तरुण. बुद्धिमान. शहरात वकिली करणारा. घरी गुणी बायको. म्हणजे अगदी तुमच्याआमच्यासारखा, शिक्षणावर वर आलेला नोकरदार-व्यावसायिक! कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि त्या संध्याकाळी त्याचा कारकून तळीराम त्याला सांगतो की विसरायचं असेल तर हे घे. एकच.

या तळीरामाचं एक मंडळही आहे, आर्यमदिरामंडळ. नाटकातले सगळे हशे तिथे. आणि दुसऱ्या बाजूला आहे रामलाल, सुधाकरचा सज्जन मित्र. मनापासून चांगला, कळकळीने उपदेश करणारा. तळीराम पाजतो आणि रामलाल समजावतो. या दोघांच्या मध्ये सुधाकर मरतो, सिंधू मरते, पडदा पडतो.

शंभर वर्षं उलटून गेली. आपल्या फ्लॅटमध्ये, आपल्या टीममध्ये, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आजही ही दोनच पात्रं आहेत. मला हे खात्रीने सांगता येतं, कारण मी दोन्ही भूमिका केल्यात.

आधी तळीराम. अन्या आमच्या चौघांच्या फ्लॅटमधला सगळ्यात हुशार मुलगा. आम्ही दोन दिवस ज्या बगवर डोकं आपटायचो तो हा चहा पिता पिता सोडवायचा. पिताना मात्र थांबायचा नाही. आधी आम्ही त्याचं कौतुक करायचो. "अन्याची टाकी मोठी आहे." मग सोमवारी 'घरून काम' वाढलं. मग स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत पाणी नसतं, हे आम्हाला कळलं. आम्हाला म्हणजे तिघांनाही. आणि आम्ही तिघंही एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही. मॅनेजरचा फोन आला की "त्याला ताप आहे" हे सांगायची पाळी लावली होती आम्ही. चक्क पाळी! भांडी घासायची पाळी पाळली नाही कधी इतक्या इमानदारीने.

गेल्या वर्षी कधीतरी त्याने स्वतःहून बंद केली. आम्हाला सांगितलं नाही, पण दिसत होतं. एकोणीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी माझ्या प्रमोशनची पार्टी होती. हा लिंबू सरबत घेऊन बसलेला. आणि मी, सगळ्यांसमोर, खांद्यावर हात टाकून म्हणालो, "अरे एका बियरने काय होतंय? तू काय बेवडा आहेस का?"

ग्लास मीच भरला. तो हसला. प्यायला.

हे घ्या. 'तुझंही लिही' म्हणजे हे.

त्या वाक्यात किती विष आहे बघा. ऐकायला कौतुक वाटतं. 'तू त्यांच्यातला नाहीस' असं आश्वासन आहे त्यात. पण ज्या माणसाला आतून कळून चुकलंय की आपलं काहीतरी हाताबाहेर गेलंय, त्याला त्याचा जिवलग मित्र सांगतोय की तसं म्हणायची परवानगी नाही. तुला ताप नाही, कारण आपल्या घरात कुणाला ताप येत नाही. आता त्याने मदत मागायची कुणाकडे?

मग रामलाल. त्या पार्टीनंतर दोन महिन्यांत अन्याचं सगळं घसरत गेलं, तेव्हा मला साक्षात्कार झाला आणि मी उपदेश सुरू केला. विल पॉवर. योगा. "आईकडे बघ जरा." रात्री अकराला, दोन बियर पोटात असताना, मी त्याला संयमावर लेक्चर देत असे. (हसू नका, तुम्हीही दिलंय.) एक्सेल शीट करून दिली, रोज किती पेग घेतले ते भरायला. पहिल्या आठवड्यात सगळे आकडे खोटे. दुसऱ्या आठवड्यात शीट रिकामी. मी चिडलो. माझं डिझाइन इतकं चांगलं होतं!

घरच्यांची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. काकांचं म्हणणं, लग्न लावून द्या, अंगावर जबाबदारी आली की सुटेल. म्हणजे दुसऱ्याच्या मुलीचं व्यसनमुक्ती केंद्र करायचं, आणि तेही तिला न विचारता. काकूंनी तर एसटी स्टँडवरच्या भिंतीवर चिकटवलेली जाहिरात बघून पावडर मागवली होती. तुम्हीही ती जाहिरात पाहिली असेल, विजेच्या खांबावर, लोकलच्या डब्यात, सगळीकडे असते: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. काकूंनी ती महिनाभर त्याच्या भाजीत घातली. त्यात काय होतं देव जाणे. काकूंवर मी हसणार नाही, त्या माउलीला कोणी दुसरा पत्ताच सांगितला नव्हता. पण त्या जाहिरातीतल्या एका शब्दावर मात्र थांबा. नकळत. तो धंदा चालतो तो या एका शब्दावर. त्या माणसाशी बोलावं लागणार नाही, त्याला विचारावं लागणार नाही, शेजारीपाजारी कळणार नाही. आपल्याला सगळ्यांना हेच तर हवं असतं.

*

तर त्या रात्री दोनला मी फोन हातात घेतला. सर्च केलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, पुणे. अकरा मिनिटं लागली. अकरा! मराठी, हिंदी, इंग्रजी, वार, वेळ, जागा, आणि हेल्पलाइनचे नंबर. त्यातली एक जागा आमच्या फ्लॅटपासून बाइकवर वीस मिनिटांवर. रोज ऑफिसला जाताना मी त्या रस्त्यावरून जातो.

सकाळी सातला फोन लावला. मी आपला व्यवस्थित मुद्देसूद, जणू सपोर्ट तिकीट लॉग करतोय अशा थाटात सुरुवात केली. "नमस्कार, माझ्या मित्रासाठी माहिती हवी होती, त्याला साधारण चार वर्षांपासून..." पलीकडच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मित्र आहे का तिथे? द्या त्याच्याकडे."

मी म्हटलं, मी सांगतो ना तुम्हाला सगळं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगाल हो. पण मीही प्यायचो. त्याच्याशी बोलतो."

अन्या फोन घेऊन गॅलरीत गेला. चाळीस मिनिटं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "ते म्हणतात आधी डॉक्टरकडे जा. हात कापतायत तर एकदम बंद करू नकोस."

हे ठळक अक्षरात वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं लागतात. मी त्याला चार महिने "मर्द असशील तर उद्यापासून एक थेंब घेऊ नकोस" असं सांगत होतो. इंजिनिअरिंगची डिग्री भिंतीवर लटकवलेली, आणि अक्कल ही एवढी. त्याने माझं ऐकलं नाही, हे माझं नशीब.

पाच दिवस तो डॉक्टरांच्या ताब्यात होता. मग एका गुरुवारी आम्ही गेलो. काही मीटिंगा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असतात, त्यांना क्लोज्ड म्हणतात. ओपन मीटिंगला घरचे, मित्र कोणीही बसू शकतं. ही ओपन होती. पेठेतली एक जुनी शाळा, वरच्या मजल्यावरचा वर्ग. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे पोटाशी. फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीची पटसंख्या अजून लिहिलेली. चहाची किटली. दारात आम्ही दोघं असे उभे, जणू मुख्याध्यापकांनी बोलावलंय. कोणी नाव-गाव-पत्ता विचारला नाही. रजिस्टर नाही, फॉर्म नाही, फी नाही. शेवटी एक टोपी फिरली, ज्याला जमेल त्याने त्यात टाकायचं.

तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून कोण काय बोललं ते लिहिणार नाही. एवढंच सांगतो की रिक्षा चालवणाऱ्यापासून साहेब म्हणून निवृत्त झालेल्यापर्यंत सगळे होते, आणि दोन-तीन शर्टांच्या खिशातून कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी बाहेर डोकावत होती. निळी, लाल, सगळ्या ओळखीच्या. आपल्यात नसतात तसली माणसं, म्हणत होतो ना मी?

एकेक जण उठायचा, पहिलं नाव सांगायचा, आपण मद्यपी आहोत म्हणायचा, आणि स्वतःचं सांगायचा. बाकीचे ऐकायचे. दीड तासात एकानेही दुसऱ्याला उपदेश केला नाही. मी अनेक रेट्रोस्पेक्टिव्ह मीटिंगा केल्यात हो आयुष्यात, ज्यात सगळे दुसऱ्याच्या चुका सांगतात. फक्त स्वतःच्या चुका सांगणारी माणसं एका खोलीत मी पहिल्यांदा पाहिली.

अन्या त्या दिवशी बोलला नाही. नुसता बसून होता. पण परत येताना बाइकवर मागून म्हणाला, "ते बाटलीचं मला वाटायचं फक्त मीच करतो."

चार वर्षांच्या मैत्रीत मी त्याला हे देऊ शकलो नव्हतो. देणं शक्यच नव्हतं.

*

का शक्य नव्हतं, ते मला नंतर वाचताना समजलं. ही सगळी भानगड सुरू कशी झाली, ती गोष्ट मला एखाद्या डिझाइन डॉक्युमेंटसारखी स्वच्छ वाटते.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभा आहे. ज्या सौद्यासाठी आला तो फिसकटलाय. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. एका बाजूला बार, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज येतायत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन, आणि गावातल्या चर्चची यादी. तो फोनकडे जातो आणि यादीतल्या लोकांना फोन लावत सुटतो. काय मागतो? उपदेशक मागत नाही. डॉक्टर मागत नाही. या गावात एखादा दारुडा आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल, असं विचारतो.

कारण पाच महिन्यांत त्याला एक गोष्ट कळली होती. त्याने अनेक दारुड्यांना सुधारायचा प्रयत्न केला, एकही सुधारला नाही. पण त्या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी. हे सर्जन, आणि स्वतः अट्टल पिणारे. पंधरा मिनिटंच बसेन म्हणून आले, आणि कित्येक तास बसले. पुढे एकदा ते घसरले. १० जून १९३५ ला शेवटचं प्यायले. तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापना दिवस मानतात. भारतात हे १९५७ मध्ये आलं.

म्हणजे त्यांना मीटिंग 'शोधावी' लागली तेव्हा मीटिंग नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. ती त्यांनी दोघांत तयार केली. आणि नीट बघा, यात वरचा-खालचा कोणी नाही. बिलला बॉबची गरज होती, बॉबला बिलची. रामलाल इथेच कमी पडतो. रामलालला सुधाकरची कीव येते, गरज नसते. म्हणून रामलाल कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढे सुधाकर आरोपीच राहतो. तळीराम बरोबरीने बसतो, पण पाजतो. 'एकच प्याला'त जो तिसरा माणूस नाही तो हा: बरोबरीने बसणारा, पूर्वी पिणारा, आता न पिणारा. गडकऱ्यांना दोष नाही, तेव्हा एएचा जन्मही झाला नव्हता. आपल्याला मात्र दोष आहे. आपल्यापासून तो वीस मिनिटांवर बसलाय, आणि आपण त्याचा पत्ता विचारायला लाजतो.

*

आता तुमचे आक्षेप. मला माहितीयेत, कारण तेच माझेही होते.

पहिला: त्यात देव आहे. आहे, बारा पायऱ्यांमध्ये आहे. पण त्याच्यापुढे 'आपापल्या समजुतीप्रमाणे' असंही आहे. अन्या पक्का नास्तिक. त्याने सरळ सांगून टाकलं की मी देव-बिव मानत नाही. त्याला सांगितलं गेलं, मानू नकोस, बस. सदस्य व्हायची अट एकच आहे, दारू सोडायची इच्छा. त्याची 'उच्च शक्ती' सध्या म्हणजे तो वर्ग आणि ती बाकं.

दुसरा, आपल्या इंजिनिअर लोकांचा लाडका: डेटा कुठाय? घ्या. वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेला २००६ साली ठाम पुरावा सापडला नव्हता. २०२० मध्ये त्यांनी पुन्हा तपासलं. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. ज्या उपचारांत माणसाला पद्धतशीरपणे एएकडे वळवलं जातं, त्यांत वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेले साधारण ४२ टक्के. वर्तन उपचारांसारख्या इतर उपचारांत ३५ टक्के. आता ४२ म्हणजे १०० नव्हे, हे मलाही गणितात पास झाल्यामुळे कळतं. सगळ्यांना हे लागू पडत नाही. पण फुकट, रोज कुठे ना कुठे उपलब्ध, आणि इतरांपेक्षा कमी नाही. अशी एखादी ओपन सोर्स लायब्ररी असती तर आपण केव्हाच वापरली असती! रचनाही तशीच आहे की: मालक नाही, बाहेरच्यांच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, प्रत्येक ग्रुप स्वायत्त.

तिसरा: हा एकच मार्ग आहे का? अजिबात नाही. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, समुपदेशन आहे. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, ज्याच्या उभारणीला पुलं आणि सुनीताबाईंनी हातभार लावला होता. तिथेही तिसऱ्या माणसाला मोठी जागा आहे. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, बिलची बायको लोइस यांनी १९५१ मध्ये सुरू केलेलं. काकूंना मी आता तिकडचा नंबर दिलाय. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. हे दोन आकडे पिझ्झाच्या नंबरशेजारी सेव्ह करा.

चौथा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही: लोक काय म्हणतील? त्याचं उत्तर त्या नावातच आहे, ॲनॉनिमस. उलट मीच विचारतो, लोक आत्ता काय म्हणतायत? सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, रद्दीवाला, सगळ्यांना अन्याचं माहीत होतं. माहीत नसल्याचं नाटक फक्त आम्ही करत होतो. आणि मुलींचं तर विचारूच नका. माझ्या टीममधली एखादी पीत असेल आणि सोडू बघत असेल, तर तिला मदत मागायच्या आधीच चारित्र्याचा दाखला द्यावा लागेल.

२०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांचं पिणं घातक किंवा व्यसनाच्या पातळीवर आहे. आणि व्यसनाच्या पातळीवर पोचलेल्या ३८ लोकांमागे फक्त एकाला काही मदत मिळाली होती. उरलेल्या ३७ जणांभोवती कोण होतं? आपण होतो. तळीराम आणि रामलाल, आलटून पालटून.

आमच्या ऑफिसचंच बघा. दर तिमाहीला पार्टी, अनलिमिटेड बार, बिल कंपनीचं. दर वर्षी एक वेलनेस वेबिनार, त्यात पाठदुखी, स्क्रीन टाइम, ध्यान. दारू हा शब्द मी त्यात ऐकलेला नाही. एकदा प्रश्नोत्तरांत विचारलं तर उत्तर आलं, "तो वैयक्तिक विषय आहे." बिल कंपनीचं आणि लिव्हर वैयक्तिक!

माझं मागणं फार नाही. पार्टीत कोणी पीत नसेल तर का म्हणून विचारू नका, सरबताची चेष्टा करू नका. ऑफिसच्या पॅन्ट्रीत जिथे फायर एक्झिटचा नकाशा लावलाय तिथे या दोन हेल्पलाइनचे नंबर लावा. मित्राच्या सुट्टीसाठी खोटं बोलण्याआधी एकदा त्याच्याशी खरं बोला. आणि 'तू काय बेवडा आहेस का' हे वाक्य आयुष्यातून कायमचं डिलीट करा. रिसायकल बिनमधूनसुद्धा.

*

अन्याचं काय झालं? चाळिसाव्या दिवशी घसरला. मला वाटलं, झालं, संपलं. माझ्यातला रामलाल जागा झाला, मी तोंड उघडणार एवढ्यात त्यानेच गॅलरीत जाऊन फोन लावला. दुसऱ्या दिवशी परत त्या बाकावर जाऊन बसला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. आज एकशे बारा झालेत. उद्याचं विचारलं की म्हणतो, उद्याचं उद्या. फक्त आजचा दिवस.

आणि माझं? कोणाचं काय ते सांगणार नाही म्हटलं होतं, पण माझं सांगायला हरकत नाही. त्या पहिल्या दीड तासात तीन वेळा मला खाली बघावं लागलं. मला कोणी काही विचारलं नव्हतं. मग मी घरी येऊन मनाशी ठरवलं, गंमत म्हणून, एक महिना घ्यायची नाही. काय अवघड आहे? मी काय... असो. सतराव्या दिवशी घेतली. कोणाला सांगितलं नाही. एक्सेल शीट केली असती तर त्यात खोटा आकडा भरला असता.

या गुरुवारी अन्याला सोडायला मीच जाणार आहे. बाहेर थांबायचं की आत बसायचं, ते तिथे गेल्यावर बघू.